सांगली लागते का?

बॅटरी बदलून गाडी घरी आली तेव्हा रेडिओच्या छोट्या पडद्यावर एकच शब्द दिसत होता : ‘कोड’. गाडी २००४ सालची. बाबांनी ती सांगलीत घेतली, पंधरा वर्षं चालवली आणि रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपायला लागले तेव्हा माझ्याकडे बंगळुरूला पाठवून दिली. तिच्यातला स्टीरिओ कंपनीचा आहे. म्हणजे डॅशबोर्डच्याच रंगाचा, त्याच्याच वळणाचा, काढला तर मागे खिंडार राहील असा. बॅटरीची तार सुटली की आपल्याला चोरून नेलं आहे असा त्याचा समज होतो आणि चार आकडे सांगितल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. आकडे चुकत गेले तर तासभर रुसून बसतो. कोडचं कार्ड गाडीच्या कागदपत्रांत नव्हतं.

जे. सी. रोडवरच्या दुकानदाराला यात काहीच पेच दिसला नाही. “बीस साल पुराना है मॅडम, निकाल देंगे.” त्याने एक अँड्रॉइड संच दाखवला. नऊ इंची पडदा, नकाशे, ब्लूटूथ, गाडी मागे घेताना दिसावं म्हणून कॅमेरा. संध्याकाळी मी फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यात सांगली लागते का?”

दुसऱ्या दिवशी मी हा प्रश्न जमेल तसा हिंदीत करून दुकानदाराला विचारला. तो म्हणाला, “मॅडम, यूट्यूब लगता है.”

‘लागणं’ हे क्रियापद अनुवादात नेहमी छळतं. वाटेत गाव लागतं, रेडिओवर केंद्र लागतं, आणि बाबांच्या डोक्यात या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. इंग्रजीत त्यासाठी दोन क्रियापदं शोधावी लागली असती. दुकानदाराच्या हिंदीला एक पुरलं, पण त्याच्या उत्तरात ना गाव होतं ना केंद्र. तो स्टीरिओ काढायचा की ठेवायचा हे ठरवायला मला पुढे तीन आठवडे लागले. गाडीत आवाज आला कसा आणि दर बदलात त्यातलं काय गळत गेलं, हे त्या तीन आठवड्यांत मी गोळा करत होते.

रेडिओ हा मुळात गाडीचा भाग नव्हताच. १९३० च्या जूनमध्ये शिकागोचे पॉल गॅल्विन आपल्या स्टूडबेकर गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या संमेलनाला गेले. आत गाळा मिळाला नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून त्यांनी आवाज मोठा केला. ‘मोटर’ला त्या काळच्या ‘व्हिक्ट्रोला’ या ग्रामोफोनची शेपटी जोडून त्यांनी नाव ठेवलं मोटोरोला. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतलं. असा रेडिओ गाडीत बसवणं हे मोठं काम असे. छताचं अस्तर उसवून त्यात अँटेनाची तार घालायची, पायाखाली वेगळ्या बॅटऱ्या ठेवायच्या, स्पीकरसाठी जागा कापायची. सगळ्यात अवघड होती ती खरखर. मार्कोनीने पहिले बिनतारी संदेश ठिणगी पाडूनच पाठवले होते, आणि पेट्रोलच्या इंजिनात तर मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात. म्हणजे प्रत्येक गाडी हे एक लहानसं प्रक्षेपण केंद्रच, फक्त कार्यक्रम एकच : खरखर. ती रोध आणि धारित्र लावून दाबावी लागली. ही खरखर लक्षात ठेवायला हवी, कारण नव्वद वर्षांनी ती परत येणार आहे.

१९३२ मध्ये जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला मोटाररेडिओ काढला, त्याची किंमत गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या घरात होती. १९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आणला आणि काचेच्या नळ्या गेल्या. त्याच सुमारास क्रायस्लरने एक अचाट प्रयोग केला. १९५६ च्या गाड्यांत डॅशबोर्डखाली चक्क ग्रामोफोन बसवून दिला. मिनिटाला सोळा आणि दोन तृतीयांश फेऱ्या घेणाऱ्या सात इंची तबकड्या, त्याही फक्त कोलंबिया कंपनीच्या. आपली आवड ही एका कंपनीच्या यादीत बसवायची, असा तो सौदा होता. थोड्याच वर्षांत तो बारगळला. १९६५ मध्ये फोर्डने आठ-ट्रॅकची टेप दिली. ती घडवणारे बिल लियर हे एके काळी गॅल्विन यांच्या पहिल्या मोटाररेडिओवर काम केलेले गृहस्थ, आणि त्यांच्याच नावाचं लियरजेट विमानही आहे. दरम्यान १९६३ मध्ये फिलिप्सने छोटी कॅसेट आणली होती. ती या सगळ्यांना पुरून उरली.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण मात्र दिसायला अगदी साधं वाटतं. जर्मनांनी डॅशबोर्डातल्या भोकाचं माप ठरवून टाकलं : १८० मिलिमीटर रुंद, ५० मिलिमीटर उंच. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही झालं. भोकाचं माप एक झालं की कुणाचाही रेडिओ कुणाच्याही गाडीत जातो. गाडी एकाची, आवाज दुसऱ्याचा, आणि निवड मालकाची. १९८२ मध्ये जनरल मोटर्स आणि बोस यांनी उलट दिशेचं पाऊल टाकलं. अमुक गाडीच्या आतल्या काचा, गाद्या, दारं यांचा विचार करून त्या गाडीपुरतीच ध्वनिव्यवस्था कारखान्यातच बसवून दिली. आवाज चांगला झाला यात वाद नाही. पण तिथपासून स्टीरिओ हळूहळू गाडीच्या अंगात मुरत गेला, आणि आज पडद्यावरच वातानुकूलनाची बटणं असतात. तो ‘काढायचा’ म्हणजे नक्की काय काढायचं, हे आता सांगता येत नाही.

आपल्याकडचा इतिहास मराठीच्या क्रियापदातच आहे. आपण गाडीत टेप ‘बसवतो’. फियाट किंवा अँबॅसडर घेतली की आधी ती घरी यायची, नारळ फुटायचा, आणि मग कधीतरी, ऐपत आणि हौस यांचा मेळ बसला की टेप बसायचा. डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीला लटकावलेला. स्पीकर मागच्या काचेखालच्या फळीवर, उन्हात. हे काम कारखान्याचं नव्हतं, बाजारातल्या वायरमनचं होतं. म्हणून ‘कंपनीचा’ या शब्दाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा आली ती उशिरा आली, उदारीकरणानंतरच्या गाड्यांबरोबर. बाबा २००४ मध्ये शेजाऱ्यांना गाडी दाखवताना इंजिनाबद्दल बोलायच्या आधी “टेप कंपनीचाच आहे” असं सांगत. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कुणाकडून काही बसवून घ्यावं लागलं नाही, सगळं एका पावतीत आलं, याचं त्यात समाधान होतं.

त्या पिढीला रेडिओ सहज मिळालेला नव्हता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओसाठी सरकारी परवाना लागायचा आणि त्याचं शुल्क पोस्टात भरावं लागायचं. त्याआधी १९५२ मध्ये माहितीमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली, आणि सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. पण सिलोन भारताच्या बहुतेक भागांत यायचं ते लघुलहरींवर. ज्याच्या गाडीत फक्त मध्यमलहरींचा, म्हणजे मीडियम वेव्हचा पट्टा असेल त्याला ते मिळत नसे. घरी बिनाका गीतमाला आणि गाडीत शेतकी समाचार. १९५७ च्या ३ ऑक्टोबरला विविधभारती सुरू झाली तेव्हा ही तहान थोडी भागली.

मग कॅसेट आली, आणि आपल्याकडे तिने काय केलं यावर पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक १९९३ मध्ये आलं. त्यांचा भर उत्तर भारतावर आहे. एका मोठ्या कंपनीच्या मक्तेदारीतून संगीत सुटलं आणि छोट्या बोली, छोटे गायक, भक्तिगीतं आणि चावट गाणीसुद्धा, यांना बाजार मिळाला, असं ते दाखवतात. हे त्यांच्या पानांत वाचायच्या आधी मी वडापमध्ये ऐकलं होतं. सांगली-कोल्हापूरकडे प्रवासी कोंबून नेणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. त्या जीपना दार धड नसे, पण डेक असे. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मी पहिल्यांदा आमच्या घरात ऐकला नाही, वडापमध्ये ऐकला. आमच्या घरात त्या वेळी काय ऐकलं जायचं आणि काय नाही, यावर वेगळा लेख होईल.

कॅसेटनेच चोरीही आणली. सारख्या मापाच्या भोकाचा तोटा हा की चोरालाही ते माप पाठ असतं. मग डेक हातात घेऊन सिनेमाला जाणारे लोक आले, पुढे नुसता दर्शनी भाग सोडवून खिशात टाकणारे आले, आणि शेवटी आला तो चार आकड्यांचा कोड. म्हणजे माझ्या गाडीतला रेडिओ गप्प बसला होता तो त्या जुन्या भीतीपायी. आता त्याला कुणी फुकट नेणार नाही, हे त्याला कोण सांगणार?

एफएमचा किस्सा आपल्याकडे लांबला. १९७७ मध्ये मद्रासला सुरुवात झाली. १९९३ मध्ये खासगी लोकांना आकाशवाणीच्या एफएमवर वेळ विकायला सुरुवात झाली. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला, आणि २००१ च्या ३ जुलैला देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र इथे बंगळुरूत सुरू झालं. रहदारीत अडकलेल्या शहराला ते हवंच होतं. आवाज स्वच्छ, निवेदक गप्पिष्ट. पण एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि शहराबाहेर पन्नास-साठ किलोमीटरवर विरतात. शिवाय खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला आजही परवानगी नाही. म्हणून एफएम हे शहराचं माध्यम राहिलं. दोन शहरांच्या मधला रस्ता मीडियम वेव्हचाच होता.

तो रस्ता मला चांगला माहीत आहे. बाबा आमच्याकडे यायचे तेव्हा सांगलीहून पहाटे निघायचे, निपाणीजवळ महामार्ग धरायचे, आणि रेडिओ १२५१ वर असायचा : सांगली. बेळगावच्या आसपास सांगलीचा आवाज पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा आणि ते दुसरं बटण दाबायचे : ७६५, धारवाड. दोनशे किलोवॅटचं ते केंद्र पुढे कितीतरी तास सोबतीला असायचं. चित्रदुर्ग आलं की तिसरं बटण : ६१२, बंगळुरू. बाबांना कन्नड बोलता येत नाही. पण ऐकून ऐकून पावसाचे, धरणांच्या पातळीचे आणि कांद्याच्या भावाचे शब्द त्यांना कळायला लागले होते. ‘मळे’ म्हणजे पाऊस हे त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. मराठीतल्या मळ्याला तिकडे पाऊस म्हणतात याची त्यांना फार गंमत वाटायची.

बेळगावावरून दोन राज्यांचं भांडण किती वर्षं चालू आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशावर ती सीमा रेघेएवढी बारीक आहे. मीडियम वेव्हवर ती चांगली रुंद होती, कारण मधल्या बऱ्याच टापूत सांगलीही लागायची आणि धारवाडही. ‘आकाशवाणी’ हे नाव तरी कुठलं? १९३५ मध्ये म्हैसूरला प्राध्यापक गोपालस्वामी यांनी आपल्या घरातून जे केंद्र चालवलं, त्याचं ते नाव. तिथून ते सगळ्या देशाचं झालं, आणि मराठी माणसाला ते इतकं आपलं वाटतं की मूळ विचारायचं सुचत नाही.

हा पट्टा आता सगळीकडेच आकसतो आहे. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत जुने मध्यमलहरींचे प्रक्षेपक बंद करत आणले आहेत आणि एफएमवर भर दिला आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून हा पट्टा काढणार असं जाहीर केलं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत मोटरच्या विद्युतचुंबकीय गोंगाटाने त्यावर खरखर येते, हे अनेक उत्पादकांचं कारण. गॅल्विन यांनी जी खरखर दाबली तीच. फरक इतका की १९३० मध्ये गाडी गप्प करून रेडिओ ऐकवला गेला, आणि आता रेडिओ गप्प करून गाडी सोडून दिली जाते आहे. आपत्तीच्या वेळी सूचना कशा देणार, असा ओरडा झाल्यावर फोर्डने निर्णय फिरवला. नॉर्वेने तर २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचं एफएमच बंद करून सगळं डिजिटलवर नेलं. तिथल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना माझ्यासारखे तीन आठवडे विचार करायची सोयही राहिली नाही.

आता जे. सी. रोडकडे परत येते. त्या अँड्रॉइड संचात मीडियम वेव्ह नव्हताच असं नाही. मी खटपट करून तो उघडला, तर आकडे असे पळत होते : ५३०, ५४०, ५५०. दहा-दहाची पावलं. अमेरिकेत मध्यमलहरींची केंद्रं दहा किलोहर्ट्झच्या अंतराने असतात. बाकीच्या बहुतेक जगाने, म्हणजे युरोप, आफ्रिका, आशिया यांनी १९७५ मध्ये जिनिव्हात करार करून नऊचं अंतर ठरवलं, आणि १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये ते अमलात आलं. आपली सगळी केंद्रं नवाच्या पाढ्यात आहेत. ६१२ ला नवाने भाग जातो, ७६५ ला जातो, १२५१ ला जातो. दहाच्या पावलांनी चालणारा संच धारवाडजवळ आला की ७६० वर थांबतो, मग ७७० वर. धारवाडचं दार मधल्या मधे राहून जातं. सांगलीला तो जेमतेम एक किलोहर्ट्झ हुकतो, म्हणजे ऐकू आलीच तर सर्दी झाल्यासारखी.

हे बदलता येतं. संचाच्या आतल्या यादीत प्रदेश बदलला की पावलं नवाची होतात. त्या यादीला परवलीचा शब्द होता आणि तो दुकानदाराला माहीत नव्हता. त्याचा दोष म्हणता येत नाही. त्याने शांतपणे सांगितलं की आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला ते उत्तर प्रामाणिक वाटलं आणि थोडं बोचलंही. सांगली त्या संचातून कुणी मुद्दाम काढून टाकलेली नव्हती. ती मागायला कुणी गेलं नव्हतं, इतकंच.

यात स्मरणरंजन किती आणि व्यवहार किती, हे मीही स्वतःला विचारलं. नकाशा मी फोनवर बघते. नऊ इंचाचा पडदा नजरेच्या वाटेत चमकत राहिला तर रात्री मलाही बाबांसारखंच दिपेल. मागचा कॅमेरा मात्र हवा होता, आमच्या इमारतीचा खांब त्याची साक्ष देईल. आणि आवाज वाईट झाला होता, हेही खरंच. पण आवाज बिघडला तो स्टीरिओमुळे नव्हे. दारांतले स्पीकर उघडून पाहिले तर कागदी शंकूच्या कडेचा फोमचा पट्टा वीस वर्षांत भुगा होऊन खाली पडला होता. हे कुणीतरी आधी उघडून पाहायला हवं होतं. जुन्या गाडीचा आवाज फाटला की सगळे समोरच्या डब्याकडे बोट दाखवतात, आणि दुखणं बहुधा दारात असतं. चार नवे स्पीकर बसले, तारा न कापता, जुन्याच जोडण्यांवर. खांबासाठी एक छोटा कॅमेरा वेगळा लावून घेतला, त्याचा पडदा आरशात आहे. कंपनीचा डेक जागेवर राहिला.

कोडसाठी तो एकदा बाहेर काढावा लागला. त्याच्या कुशीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर अनुक्रमांक असतो. गाडीची कागदपत्रं दाखवून तो क्रमांक सेवाकेंद्रात दिला, आणि चौथ्या दिवशी चार आकडे आले. ते दाबल्यावर रेडिओ बोलायला लागला, पण बाबांची बटणं पुसली गेली होती. सगळी सहाच्या सहा कोरी.

मी गाडीत बसूनच सांगलीला फोन लावला. त्यांनी आकडे पाठ म्हटले, बटणांच्या क्रमाने : बारा एकावन्न, सातशे पासष्ट, सहाशे बारा. चौथ्यावर पुणे, सातशे ब्याण्णव, म्हणाले, तिकडे जायचं झालं तर. “आणि पाच-सहा तुझ्यासाठी ठेव.” आमचं पार्किंग जमिनीखाली दोन मजले आहे. तिथे मीडियम वेव्ह पोचत नाही. प्रत्येक आकड्यावर नुसती खरखर होती. मी प्रत्येक बटण बीप वाजेपर्यंत दाबून धरलं.

“लागली का?” त्यांनी विचारलं.

“वर गेल्यावर कळेल, बाबा.”